सबब आमच्या नावाची

मारेगावहून वणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गावाची शेवटची घरे मागे पडून दोन्ही अंगांना कपाशीची शेते सुरू होतात त्या ठिकाणी, कार्तिक महिन्यात पहाटे पाच-साडेपाचच्या सुमारास एक मुलगी धावताना दिसते. तिच्या मागे दहा-पंधरा हात अंतर राखून तिचे वडील मोटारसायकल अगदी मंद चालवीत येत असतात. एक तर दिव्याच्या उजेडात रस्त्यातले खड्डे तिला दिसावेत म्हणून, आणि दुसरे म्हणजे मागून येणाऱ्या कोळशाच्या ट्रकला पुढे कोणी माणूस आहे हे दुरूनच कळावे म्हणून. किलोमीटरच्या एका दगडापासून निघून, ज्यावर तिने चुन्याचा पट्टा ओढून ठेवला आहे अशा विजेच्या खांबापर्यंत आठशे मीटर भरतात, आणि पोलीस भरतीत मुलींना तेवढेच धावावे लागते. मी निवृत्त शिक्षक असून डॉक्टरांच्या हुकमाने त्या वेळी फिरावयास निघतो, एके दिवशी सहज म्हणालो, "पोरी, एवढी धावतेस, तर फौजेचा विचार का करत नाहीस?" तिने कमरेवर हात ठेवून श्वास आवरला आणि म्हणाली, "सर, पोलिसात शंभरात तीस जागा आमच्या हायेत. फौजेत किती, थे सांगा."

मला सांगता आले नाही. घरी येऊन मी कागदपत्रे चाळू लागलो, आणि जे हाती लागले त्यात आकड्यांपेक्षाही एका सबबीने मला अस्वस्थ केले. कारण ती सबब आमच्या, म्हणजे खेड्यातल्या माणसांच्या, नावावर मांडलेली होती.

१७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड व न्यायमूर्ती अजय रस्तोगी यांच्या पीठाने निकाल दिला की, लष्कराच्या ज्या दहा शाखांत स्त्रिया अल्पमुदतीच्या कमिशनवर आधीपासूनच काम करीत आहेत, तेथे त्यांना पुरुषांप्रमाणेच कायम कमिशन मिळावे व तुकडीच्या प्रमुखपदासाठीही त्यांचा विचार व्हावा. या खटल्यात सरकारपक्षाने जी लेखी टिपणी सादर केली होती तिच्यात, स्त्रियांच्या देहबलाविषयीचे, मातृत्वाविषयीचे आणि शत्रूच्या हाती सापडण्याविषयीचे परिचित मुद्दे होतेच. परंतु त्यांच्या सोबत आणखी एक मुद्दा असा होता की, तुकड्यांतले जवान बहुतांशी ग्रामीण भागातून आलेले असून, तेथील प्रचलित सामाजिक संकेतांमुळे स्त्री अधिकाऱ्याचे आधिपत्य मानण्यास त्यांची मने अद्याप तयार झालेली नाहीत. ज्यास येथे ग्रामीण भाग म्हटले आहे तो म्हणजे आमचे मारेगाव, आमचे मार्डी, आमचे कुंभा. दिल्लीच्या दफ्तरात बसून कोणीतरी आमच्या वतीने एक कैफियत लिहिली, तिच्यावर आमची सही वा अंगठा न घेता ती न्यायासनापुढे रुजू केली, आणि खेडवळ माणसाच्या अडाणीपणाचा दाखला जोडून शहरातल्या सुशिक्षित मुलीचा अर्ज फेटाळण्याची शिफारस केली. न्यायालयाने हा युक्तिवाद रूढ समजुतींवर आधारलेला ठरवून बाजूस सारला हे चांगलेच झाले. पण ज्यांच्या नावे तो केला गेला त्यांनी त्यास उत्तर दिले नाही. म्हणून हा लेख.

उत्तरासाठी १९९३ सालाचे पंचांग उघडणे पुरेसे आहे. त्या वर्षी ६ मार्च रोजी मद्रासच्या अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनीतून पंचवीस तरुणींची पहिली तुकडी खांद्यावर तारे लावून बाहेर पडली. आणि त्यानंतर सातच आठवड्यांनी, २४ एप्रिल रोजी, त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात येऊन ग्रामपंचायतींतल्या एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवण्यात आल्या. एकाच वसंत ऋतूत दोन दारे उघडली. त्यांपैकी गावच्या दाराने काय केले, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. आरंभीची काही वर्षे सरपंचबाईंच्या खुर्चीवर त्यांचे यजमान बसत, ठराव तेच सांगत, आणि बाई स्वयंपाकघरातून हात पुसत येऊन दाखविलेल्या जागी सही करून परत जात, हे मी लपवून ठेवीत नाही. तो सारा प्रकार हास्यास्पद होता आणि आम्ही हसलोही. परंतु दुसऱ्या-तिसऱ्या निवडणुकीनंतर बाई ग्रामसभेत बोलू लागल्या, पाणीपुरवठ्याच्या हिशेबात ग्रामसेवकाला अडवू लागल्या, आणि २०११ मध्ये महाराष्ट्राने हे प्रमाण निम्म्यावर नेले तेव्हा गावच्या चावडीवर त्याची फारशी चर्चादेखील झाली नाही. ज्या गावचा पुरुष घरकुलाच्या दाखल्यासाठी स्त्रीच्या सहीची वाट पाहत पंचायतीच्या पायरीवर बसतो, त्याच गावचा पुरुष वर्दी अंगावर चढताच स्त्रीचा हुकूम मानण्यास असमर्थ होतो, ही उपपत्ती सत्तावीस वर्षांनंतर मांडण्यास काही विशेष धैर्य लागले असले पाहिजे.

पंचायत तरी अलीकडची गोष्ट झाली. कापसाच्या पहिल्या वेचणीच्या दिवशी, ज्यास आमच्याकडे सीतादही म्हणतात तो विधी बायाच करतात; पुढे दोन-अडीच महिने वेचणीच्या टोळ्या शेताशेतांतून फिरतात तेव्हा टोळीची प्रमुख बाईच असते. किलोमागे मजुरीचा भाव ती ठरविते, कोणत्या शेतात आधी जावयाचे हे ती सांगते, आणि संध्याकाळी काट्यापाशी उभी राहून प्रत्येकीच्या गाठोड्याचे वजन वहीत मांडताना ती शेतमालकालाही अर्धा किलोचा घोळ करू देत नाही. अशा टोळीप्रमुखासमोर मान खाली घालून उभे असलेले पाच-दहा एकरांचे धनी मी पुष्कळ पाहिले आहेत. आज्ञा स्त्रीच्या मुखातून आली म्हणून ती न ऐकणारा कोणी असेलच, तर त्याचा कापूस झाडावरच राहतो.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे पात्रतेकडे, वळतो. या विषयावर व्याख्यान द्यावयास उभा राहिलेला आपला वक्ता प्रथम ताराबाईंना वंदन करतो, तेथून झाशीस जातो आणि टाळ्या घेऊन खाली बसतो. इ.स. १७०० पासून सात वर्षे औरंगजेबाशी युद्ध चालविणाऱ्या ताराबाईंचा, किंवा सेनापती दाभाड्यांच्या घराण्याचा कारभार हाती घेणाऱ्या तळेगावच्या उमाबाईंचा अभिमान मलाही आहे. पण राणीला पात्रतेचा दाखला लागत नाही, तिच्या मागे गादी उभी असते. पात्रतेचा प्रश्न उद्भवतो तो गादी नसलेल्या स्त्रीच्या बाबतीत, जिला अर्ज भरावा लागतो व ज्या अर्जावर कोणी कारकून शेरा मारतो, आणि तिचा इतिहास तलवारींपेक्षा राजपत्रांतून अधिक सापडतो.

त्या इतिहासातले सर्वांत ठळक वाक्य १९५० च्या लष्करी अधिनियमाच्या बाराव्या कलमात आहे. केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे ज्या शाखा वा विभाग निर्दिष्ट करील ते वगळता, नियमित लष्करात भरती होण्यास अथवा नोकरी करण्यास कोणतीही स्त्री पात्र असणार नाही, असा त्याचा आशय आहे; हवाईदलाच्या व नौदलाच्या कायद्यांतही तशाच तरतुदी घातल्या गेल्या. ज्या वर्षी संविधानाने लिंगभेदास मनाई केली त्याच वर्षी हे कलम लिहिले गेले, आणि सशस्त्र दलांच्या बाबतीत मूलभूत हक्क संकुचित करण्याची मुभा संविधानाच्या तेहतिसाव्या अनुच्छेदाने संसदेस दिलेली असल्यामुळे दोहोंत कायदेशीर विरोधही राहिला नाही. कलमाची मौज अशी की, त्यात स्त्री दुर्बळ आहे, भित्री आहे असे कोठेही म्हटलेले नाही. ती पात्र नाही एवढेच म्हटले आहे, आणि अधिसूचना निघताच ती दुसऱ्या दिवसापासून पात्र होते. अपात्रता देहात असती तर ती राजपत्रातल्या चार ओळींनी नाहीशी झाली नसती.

तसे पाहिले तर लष्करात स्त्री होतीच. २८ मार्च १८८८ रोजी विलायतेहून दहा परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या, तेथून आजच्या सैनिकी परिचर्या सेवेचा आरंभ मानतात. दुसऱ्या महायुद्धात १९४२ मध्ये स्त्रियांचे साहाय्यक दल उभारले गेले. युद्ध संपले तशी त्याची गरजही संपली. परिचारिका मात्र राहिली, कारण जखमेला कोणीतरी लागतेच. पण कोणत्या अटींवर राहिली, हे सेलिना जॉन यांच्या प्रकरणावरून कळते. लेफ्टनंटच्या हुद्द्यावर असलेल्या या परिचारिकेला १९८८ मध्ये सेवामुक्त करण्यात आले, आणि कारण तिचा विवाह हे होते. १९७७ च्या एका लष्करी सूचनेने परिचारिकेचा विवाह हे सेवासमाप्तीचे कारण ठरविले होते, आणि पुरुष अधिकाऱ्यांना तसे बंधन नव्हते. सूचना १९९५ मध्ये मागे घेतली गेली, पण त्या बाईंना न्याय मिळण्यास १४ फेब्रुवारी २०२४ उजाडले. सर्वोच्च न्यायालयाने साठ लाख रुपयांची भरपाई देवविली. छत्तीस वर्षे. ज्या समाजाने मुलीच्या लग्नास आयुष्याचे सार्थक मानले त्याच समाजाच्या सरकारने लग्न केल्याबद्दल एकीची नोकरी काढून घेतली, आणि हा नियम काही खेड्यातल्या जवानाने लिहिलेला नव्हता.

डॉक्टर स्त्रियांना १९५८ मध्ये पुरुषांच्या बरोबरीने कायम कमिशन मिळाले, आणि त्याचे फळ महाराष्ट्राने पाहिले. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या माधुरी कानिटकर २९ फेब्रुवारी २०२० रोजी लेफ्टनंट जनरल झाल्या, त्या दर्जाच्या हुद्द्यास पोचलेल्या देशातल्या तिसऱ्या स्त्री. पुढे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे कुलगुरुपदही त्यांनी सांभाळले. डॉक्टर नसलेल्या स्त्रीसाठी मात्र १९९२ च्या जानेवारीतली अधिसूचना निघावी लागली, आणि तीही पाच वर्षांच्या मुदतीची. मग मुदत वाढवीत वाढवीत चौदा वर्षांवर आली, म्हणजे बाई कामात मुरली की तिला निरोपाचा हार घालावयाचा. २००३ मध्ये बबिता पुनिया या वकीलबाईंनी दिल्लीच्या उच्च न्यायालयात याचिका केली, २०१० च्या मार्चमध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, आणि त्या निकालास स्थगिती नसतानाही पुढची जवळजवळ दहा वर्षे तो अमलात आला नाही. २०२० च्या निकालानंतरही मूल्यमापनाचे असे निकष लावले गेले की, २५ मार्च २०२१ रोजी न्यायालयास पुन्हा एकदा, ते निकष अप्रत्यक्ष भेदभाव करतात, असे सांगावे लागले. पुढे २०२३ च्या आरंभी कर्नलच्या १०८ पदांसाठी २४४ स्त्री अधिकाऱ्यांचा विचार झाला, आणि त्याच वर्षी २९ एप्रिलला तोफखान्यात पहिल्या पाच जणी रुजू झाल्या. ग्रामीण जवान त्यांचे हुकूम ऐकत आहेत, आणि बंडाळीची कोणतीही वार्ता अद्याप मारेगावपर्यंत आलेली नाही.

येथे साताऱ्याचे एक उदाहरण सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात अतिरेक्यांशी लढताना धारातीर्थी पडले, आणि त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक, दोन मुलांची आई असताना, मद्रासच्या त्याच प्रबोधिनीत दाखल होऊन सप्टेंबर २०१७ मध्ये लेफ्टनंट झाल्या. सैनिकाच्या विधवेसाठी काही जागा आधीपासून राखीव असतात व वयाची अटही पस्तिशीपर्यंत सैल असते. स्वातीबाईंसाठी ती त्याहूनही सैल करण्यात आली, ते योग्यच झाले, आणि सबंध महाराष्ट्राने त्यांच्यापुढे मान लवविली. पण त्या वर्षी बारावीत असलेल्या, देहाने धडधाकट, गणितात हुशार अशा मुलीस खडकवासल्याच्या परीक्षेचा अर्ज भरता येत नव्हता, हेही लक्षात ठेवावे. वैधव्यास आपण दार आधी उघडले, कौमार्यास नंतर.

ते नंतरचे दार १८ ऑगस्ट २०२१ च्या अंतरिम आदेशाने उघडले. १९५४ पासून खडकवासल्यास नांदणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशपरीक्षेस मुली प्रथमच बसल्या. पावणेदोन लाखांहून अधिक मुलींनी अर्ज केले, लेखी परीक्षेत १,००२ उत्तीर्ण झाल्या, आणि जागा होत्या एकोणीस. ३० मे २०२५ रोजी त्यांपैकी सतरा जणी तीनशेहून अधिक मुलांसोबत संचलन करून बाहेर पडल्या, तो सोहळा मी दूरचित्रवाणीवर पाहिला आणि, शिक्षकी पेशाचा दोष म्हणा, डोळे पुसले. तथापि डोळे पुसून झाल्यावर मनात आले की, ही सारी कहाणी अधिकाऱ्यांच्या दाराची आहे, आणि त्या दाराशी पोचण्यास इंग्रजी लागते, शिकवणीवर्ग लागतात, पाच दिवस चालणाऱ्या निवड मंडळापुढे निःसंकोच बोलण्याची सवय लागते. मारेगावची मुले फौजेत गेली ती त्या दाराने गेलेली नाहीत. ती शिपायाच्या दाराने गेली: रॅलीला धावून, छाती मोजून, कागद दाखवून.

त्या दाराने स्त्रीला आत घेण्यास २०२१ उजाडावे लागले. ८ मे रोजी बंगळूरच्या लष्करी पोलिसांच्या केंद्रातून त्र्याऐंशी मुली जवान म्हणून बाहेर पडल्या, त्या पहिल्या. दरवर्षी साधारण शंभर याप्रमाणे एकूण सतराशे स्त्री-जवान घ्यावयाच्या अशी ती योजना होती, आणि लष्कराची एकंदर संख्या बारा लाखांच्या घरात धरली तर हे प्रमाण हजारी दीडसुद्धा भरत नाही. पोलिसात शंभरात तीस, फौजेत हजारात दीड: मुलीच्या प्रश्नाचे उत्तर एवढे सरळ होते, आणि मला ते शोधण्यास महिना लागला. २०२२ पासून अग्निपथ योजना आली. नौदलाने मुलींना अग्निवीर म्हणून घेतले व २८ मार्च २०२३ रोजी ओरिसातल्या चिल्का येथून त्यांची पहिली तुकडी बाहेर पडली, ही आनंदाची गोष्ट. पण भूदलात मुलीला सर्वसाधारण शिपाई म्हणून जावयाचे असेल तर लष्करी पोलीस ही एकच वाट आहे. कारकुनी, भांडारपाल, तांत्रिक अशी जी कामे मुलांसाठी अर्जात मांडलेली असतात, आणि ज्यांत पायदळाच्या चढाईचा किंवा रणगाड्याचा काही संबंध येत नाही, तीही तिच्यासाठी नाहीत. ज्या आयुधभांडाराच्या शाखेत १९९२ पासून स्त्री अधिकाऱ्यांना प्रवेश आहे, त्याच शाखेत त्यांच्या हाताखाली खोकी मोजणारी स्त्री-भांडारपाल का चालत नाही, याचे उत्तर मला कोणत्याही कागदात सापडले नाही.

शिवाय मुलांची भरती जिल्ह्याजिल्ह्यांसाठी नेमलेल्या भरती कार्यालयांकडून होते, तर मुलींची पुण्याच्या विभागीय मुख्यालयाकडून. मारेगावहून पुणे म्हणजे उभा महाराष्ट्र ओलांडणे होय. मुलीसोबत बाप जाणार, दोघांचे भाडे, तीन-चार दिवसांची मजुरी बुडणार, आणि तेही ऐन वेचणीत तारीख आली तर कापूस शेतात. त्यातून निवड झालीच तर चार वर्षांची नोकरी, त्या काळात लग्न करावयाचे नाही अशी हमी, शेवटी सेवानिधीचे सुमारे पावणेबारा लाख रुपये, आणि चौघांपैकी एकासच पुढे कायम होण्याची संधी. मुलगा चार वर्षांनी परत आला तर गाव त्याला फौजी म्हणून ओळखते व सोयरिकी आपण होऊन येतात. मुलगी बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी परत आली तर तिच्या बापास पहिला प्रश्न काय विचारला जाईल, हे मी जाणतो. गावावरचे इतर दोषारोप खोटे असले तरी हा एक खरा आहे, आणि तो मी पदरात घेतो.

वऱ्हाडाचा आणि फौजेचा संबंध, खरे म्हणजे, मोठा विलक्षण आहे. १८५३ मध्ये निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला तो हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च भागविण्यासाठी. पुढे ज्याला १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणत व आता यवतमाळ जिल्हा म्हणतात, त्या या काळ्या मातीच्या जमाबंदीतून पन्नास वर्षे शिबंदीचा पगार निघत होता, आणि जमिनीवर राबणाऱ्या बाईला फौज कशी दिसते हेही ठाऊक नव्हते. महसूल आमचा चालला, सबबीसाठी आमचे नाव चालले. माणसे तेवढी नेताना हात आखडता घेतला गेला.

काय करावे, हे सांगण्यास मी कोणी सेनानी नाही. पायदळ व रणगाडा दलाची दारे स्त्रियांसाठी कधी उघडावीत याचा विचार जाणत्यांनी करावा. कसोटी कामाला साजेल अशी कडक ठेवावी आणि तीत एका इंचाची सूट देऊ नये, असेच माझे मत आहे. पण शिपाई वर्गातल्या कारकुनी, तांत्रिक, भांडार, संदेशवहन या कामांची अधिसूचना काढण्यास कोणतेही युद्धशास्त्र आडवे येत नाही. मुलींची शारीरिक चाचणी वर्षातून एकदा नागपुरास झाली तर कोणाचे सिंहासन डळमळणार नाही. राज्य शासनाने सैनिकी अधिकारी घडविणारी सेवापूर्व प्रशिक्षण संस्था मुलांसाठी औरंगाबादेस १९७७ मध्ये काढली आणि मुलींसाठी नाशिकला २०२३ मध्ये. मधली सेहेचाळीस वर्षे भरून काढावयाची तर तिसरी संस्था विदर्भात असावी हे मागणे अवाजवी म्हणता येणार नाही. आमच्या शेजारी, चंद्रपूरजवळ, २०१९ मध्ये सैनिकी शाळा उघडली आणि देशभरच्या सैनिकी शाळांत मुलींना प्रवेश मिळू लागला आहे. तरी सहावीच्या प्रवेशपरीक्षेची तारीख आमच्या किती जिल्हा परिषद शाळांच्या फळ्यावर लिहिली जाते, हे मला विचारू नका, मी त्याच खात्यातून निवृत्त झालो आहे.

गेल्या आठवड्यात मी हे आकडे त्या मुलीला सांगितले. हजारात दीड ऐकून ती हसली नाही, तिने दुसराच प्रश्न केला: धावणे किती? एक हजार सहाशे मीटर, साडेसात मिनिटांच्या आत आले तर पहिला गट, आठच्या आत दुसरा. शिवाय दहा फुटांची लांब उडी आणि तीन फुटांची उंच उडी, असे मी सांगितले. तिच्या वडिलांनी काही न बोलता मोटारसायकलचा काटा पाहून चुन्याच्या खांबापासून पुढे आणखी तेवढेच अंतर मोजले. ते एका नाल्याच्या पुलापाशी जाऊन संपले. पुलाच्या कठड्यावर त्यांनी रस्त्यातला खडा उचलून एक फुली मारली. दुसऱ्या दिवशी मी जरा लवकरच निघालो, तो ती पुलाकडून परत येत होती आणि वडिलांच्या हातातला मोबाईल अजून चालू होता. वेळ साडेसात मिनिटांहून अधिक लागला होता. किती अधिक, ते तिने मला सांगितले नाही.